कुकर विकला कुणी, आणि कळवायचं कुणी?

१ फेब्रुवारी २०२१ पासून भारतात आयएसआय खुणेशिवाय घरगुती प्रेशर कुकर विकणं बेकायदा झालं. त्याच्या वर्षभर आधी, २१ जानेवारी २०२० रोजी, केंद्र सरकारने ‘घरगुती प्रेशर कुकर (गुणवत्ता नियंत्रण) आदेश’ काढला होता. प्रत्येक कुकर आयएस २३४७ : २०१७ या मानकाला उतरलेला हवा आणि त्यावर भारतीय मानक ब्युरोच्या परवान्याने घेतलेली खूण हवी, असं त्यात स्पष्ट होतं. कारणही साधं आहे. कुकर म्हणजे दाबाखालचं भांडं. शिट्टीची वाट तुंबली तर वाफेला दुसरी वाट मिळायला हवी, आणि ती सुरक्षा व्हॉल्व्हने वेळेवर द्यायला हवी. ते झालं नाही तर झाकण उडतं आणि समोर उभं असलेलं माणूस भाजतं.

तरीही आदेशानंतर खुणेशिवायचे कुकर देशातल्या मोठमोठ्या ऑनलाइन बाजारांवर विकले जात राहिले. ॲमेझॉनवर २,२६५, फ्लिपकार्टवर ५९८, स्नॅपडीलवर ७३ आणि पेटीएम मॉलवर ३९. एवढ्या मोठ्या देशात ही संख्या किरकोळच म्हणायची. पण या मूठभर कुकरांमुळे एक जुना प्रश्न पहिल्यांदाच ग्राहक कायद्याच्या बाजूने नीट विचारला गेला. माल विकणारा तिसरा, घेणारा दुसरा, मग मधला मंच कशाचा जबाबदार?

हा प्रश्न विचारला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम १० खाली नेमलेलं हे प्राधिकरण २४ जुलै २०२० पासून अस्तित्वात आहे. जिल्हा ग्राहक आयोगासारखं ते एकेका ग्राहकाचा दावा चालवत नाही. एकाच प्रकाराने अनेक ग्राहकांच्या हक्कांवर गदा येत असेल तर ते स्वतःहून दखल घेऊ शकतं, आणि इथे तसंच झालं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, पेटीएम मॉल, स्नॅपडील आणि शॉपक्लूज या पाच मंचांना नोटिसा गेल्या. त्यांच्यावरच्या विक्रेत्यांनाही गेल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला प्राधिकरणाने जाहीर सुरक्षा सूचना काढून खुणेशिवायचं हेल्मेट, कुकर आणि गॅस सिलिंडर घेऊ नका असं लोकांना बजावलं. मार्च २०२२ मध्ये पेटीएम मॉल आणि स्नॅपडीलविरुद्ध आदेश झाले. ऑगस्टमध्ये आधी ॲमेझॉनचा आणि मग फ्लिपकार्टचा आदेश आला.

यातला ॲमेझॉनचा आदेश मुळातून समजून घेण्यासारखा आहे. त्यात कंपनीला चार गोष्टी करायला सांगितल्या होत्या. सर्व २,२६५ खरेदीदारांना कळवायचं, कुकर परत मागवायचे, किंमत परत करायची, आणि हे केल्याचा अहवाल ४५ दिवसांत द्यायचा. वर १ लाख रुपये दंड. फ्लिपकार्टचा आदेशही याच साच्यातला होता, फक्त आकडा ५९८ चा.

मंचांचा बचाव काय असणार हे या क्षेत्रातल्या कुणालाही नोटीस उघडायच्या आधीच सांगता आलं असतं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ७९. दुसऱ्याने टाकलेल्या माहितीसाठी मध्यस्थ जबाबदार नाही, अट एवढीच की त्याने त्या माहितीत हात घातलेला नसावा, योग्य ती काळजी घेतलेली असावी, आणि बेकायदा मजकुराची प्रत्यक्ष माहिती मिळाल्यावर तो काढून टाकावा. मार्केटप्लेस म्हणतात ते हेच. आम्ही जागा दिली, विक्रेत्याने लिस्टिंग केलं, ग्राहकाने निवडलं. आठवडी बाजारात ग्रामपंचायत बसायची पट्टी घेते, पण कुणाच्या टोपलीत सडका माल निघाला तर सरपंचाला पकडत नाहीत, तसं.

या बचावाला उच्च न्यायालयांचा आधारही होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ख्रिश्चन लुबुटां या पादत्राणांच्या ब्रँडच्या खटल्यात ‘सक्रिय’ आणि ‘निष्क्रिय’ मध्यस्थ असा भेद केला होता. मालाची साठवण, पॅकिंग, जाहिरात, बिल, पोहोचवणं यांत मंच जितका जास्त गुंतलेला, तितकं त्याचं संरक्षण पातळ. पण जानेवारी २०२० मध्ये ॲमवे प्रकरणात त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितलं की कलम ७९ असा भेद करतच नाही. म्हणजे कुकरच्या नोटिसा निघाल्या तेव्हा मंचांच्या वकिलांकडे ताजा आणि वरच्या पायरीचा निकाल होता. त्यांनी तो वापरला नसता तरच नवल.

प्राधिकरणाने उत्तर दिलं ते पैशाच्या वाटेने. या २,२६५ कुकरांच्या विक्रीतून ॲमेझॉनला ६,१४,८२५.४१ रुपये शुल्क मिळालं होतं, आणि ते ‘विक्री कमिशन’ असल्याचं कंपनीने मान्य केलं होतं. भागाकार केला तर एका कुकरमागे सुमारे २७१ रुपये होतात. प्रत्येक विक्रीतून जो कमावतो, त्याला त्याच विक्रीतून उद्भवलेल्या प्रश्नापासून अंग काढून घेता येणार नाही, असा प्राधिकरणाचा युक्तिवाद. फ्लिपकार्टच्या बाबतीत शुल्क १,८४,२६३ रुपये होतं, पण तिथे आणखी दोन गोष्टी नोंदवल्या गेल्या. कंपनीच्या वापर-अटींनुसार प्रत्येक बिलावर ‘पॉवर्ड बाय फ्लिपकार्ट’ हे शब्द छापणं सक्तीचं होतं, आणि विक्रेत्यांना सोने, चांदी, कांस्य अशा श्रेण्या देऊन त्याप्रमाणे सवलती वाटल्या जात होत्या. बिलावर नाव आपलं आणि विक्रेत्याला पदकही आपलं, मग ‘आम्ही फक्त जागा दिली’ हे कसं पटावं?

हा भाग वाचायला चुरचुरीत आहे, बातम्यांमध्येही तोच गाजला. पण माझ्या मते आदेशाचं खरं बळ कमिशनमध्ये नाही. नुसतं कमिशन घेणं हा मुद्दा कलम ७९ च्या चौकटीत फार टिकाऊ नाही. मध्यस्थाने फुकटच काम करावं असं ते कलम कुठेही म्हणत नाही. पट्टीऐवजी विक्रीच्या टक्क्यात पैसे घेतले म्हणून कुणी आपोआप विक्रेता होत नाही. अपिलात एखादा तयारीचा वकील हा धागा ओढल्याशिवाय राहणार नाही.

बळ आहे ते ग्राहक कायद्यातल्या एका क्रियापदात. कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापार प्रथेची लांबलचक व्याख्या आहे. तिच्यातला एक प्रकार असा: इजा टाळण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवलेलं मानक मालात पाळलेलं नाही हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, अशा मालाची विक्री किंवा पुरवठा होऊ देणं. ‘विकणं’ नाही, ‘होऊ देणं’. व्याख्या विक्रेत्यापाशी थांबत नाही; ज्याच्या परवानगीने विक्री घडते तो तिच्यात थेट येतो. त्याला जोडून ई-कॉमर्स नियम २०२० मधला नियम ४(३) वाचा: कोणत्याही ई-कॉमर्स संस्थेने, मंचावर किंवा मंचाबाहेर, अनुचित व्यापार प्रथा अवलंबू नये. आणि नियम ५(१) तर मार्केटप्लेसला सांगतो की कलम ७९ चं संरक्षण हवं असेल तर त्याच्या अटी पाळाव्या लागतील. म्हणजे ते संरक्षण आपसूक अंगावर चढलेलं कवच नाही, ते कमवावं लागतं.

‘माहीत असताना किंवा मानायला कारण असताना’ ही अट इथे कितपत भागली? पेटीएम मॉलच्या प्रकरणात याचं उत्तर फारच सोपं होतं, कारण कुकरला आयएसआय खूण नाही हे लिस्टिंगच्या वर्णनातच लिहिलेलं होतं. विक्रेता प्रामाणिक होता असं म्हणू या हवं तर. पण मग मंचाला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. कायद्याने सक्तीची केलेली खूण नसल्याचं मंचाच्या स्वतःच्या पानावर लिहिलेलं आहे, आणि शेजारी ‘कार्टमध्ये टाका’ हे बटण चालू आहे.

भारतीय मानक ब्युरो कायदा २०१६ चं कलम १७ याहून पुढे जातं. सक्तीची खूण नसलेला माल तयार करणं, आयात करणं, वाटणं, विकणं, भाड्याने देणं, साठवणं आणि विक्रीसाठी मांडणं, या सगळ्याला ते बंदी घालतं. ‘मांडणं’ हा शब्द दुकानाच्या काचेसाठी लिहिला गेला असेल, पण तो लिस्टिंगच्या पानाला अगदी चपखल बसतो. आणि साठवणं म्हणाल तर मंचाच्या गोदामात विक्रेत्याचा माल ठेवण्याची सोय जवळपास सगळेच देतात.

जुन्या मालाचं काय, असा प्रश्न व्यापारी हमखास विचारतात. नियम यायच्या आधी बनवलेला किंवा आणलेला माल संपवायला तरी द्या. क्लाउडटेल या विक्रेत्याचं प्रकरण याच वळणाचं आहे. ॲमेझॉनवर ही कंपनी ‘ॲमेझॉन बेसिक्स’ नावाचा चार लिटरचा स्टीलचा कुकर विकत होती, आणि आदेशानंतर तिने असे १,०३३ कुकर विकले. तिचं म्हणणं असं की गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाल्यावर आम्ही आयात थांबवली. प्राधिकरणाने हे उत्तर तसंच तिच्यावर उलटवलं. आयात थांबवली म्हणजे आदेश तुम्हाला माहीत होता. माहीत असून विक्री मात्र थांबवली नाही. बचाव म्हणून दिलेलं वाक्य कबुलीजबाब ठरण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण सहसा सापडत नाही. नोटिशीला उत्तर लिहिणाऱ्या प्रत्येक कंपनी-वकिलाने ते जपून ठेवावं.

आता दंडाकडे. ॲमेझॉनला १ लाख, फ्लिपकार्टला १ लाख, स्नॅपडीलला १ लाख, पेटीएम मॉलला १ लाख, क्लाउडटेललाही १ लाख. ३९ कुकर विकणाऱ्याला जेवढा, तेवढाच २,२६५ विकणाऱ्याला. ॲमेझॉनने मिळवलेल्या शुल्काच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा थोडी कमीच ही रक्कम. एवढ्याने कुणाला जरब बसेल असं प्राधिकरणालाही वाटलं नसावं. शिवाय ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २० मध्ये दंडाचा उल्लेखच नाही. ते माल परत मागवणं, पैसे परत करणं आणि प्रथा बंद करणं एवढंच बोलतं. रोख दंड आहे कलम २१ मध्ये, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी, आणि तिथली पहिल्या वेळची कमाल मर्यादा १० लाखांची आहे.

त्यामुळे या आदेशाचं वजन दंडात शोधू नये. ते आहे पहिल्या सूचनेत: सर्व खरेदीदारांना कळवा.

हे दिसायला पत्र पाठवण्याइतकं मामुली वाटतं. पण रस्त्यावरच्या दुकानातून घेतलेला सदोष कुकर परत मागवायचा झाला तर कळवायचं कुणाला? रोख पैसे देऊन गेलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता दुकानदाराकडे नसतो. कारखानदाराकडे तर नसतोच. त्याला वर्तमानपत्रात जाहिरात देऊन वाट पाहावी लागते. ऑनलाइन बाजारात मात्र कोणत्या दिवशी, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या फोन नंबरच्या माणसाला कोणता कुकर गेला याची ओळ न् ओळ असते, आणि ती मंचाकडे असते. विक्रेत्याच्या हाती बहुधा पार्सलच्या लेबलापुरती माहिती येते. बाजाराची पट्टी घेणाऱ्या सरपंचाची उपमा इथे पुरती मोडते, कारण कुणी काय विकत घेतलं याची वही सरपंच ठेवत नाही. मंच ठेवतो, आणि त्याच वहीवर पुढच्या महिन्यात ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून कढई दाखवतो. ज्या माहितीवर धंदा चालतो, ती धोक्याचा इशारा देण्यापुरती मात्र परकी, हे चालण्यासारखं नाही.

मंच विक्रेता आहे की मध्यस्थ, हा वाद वर्षानुवर्षं चालेल आणि वेगवेगळी न्यायालयं वेगवेगळं सांगतील. अमेरिकेतही जुलै २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने, ॲमेझॉनच्या गोदामातून जाणाऱ्या तिसऱ्या विक्रेत्यांच्या मालाबाबत ॲमेझॉन ‘वितरक’ ठरते असा निर्णय दिला, आणि तिथेही झगडा याच शब्दाभोवती होता. कळवण्याची जबाबदारी ठरवायला मात्र हा वाद सुटायची गरज नाही. खरेदीदारांची यादी ज्याच्याकडे आहे त्याने कळवावं, बस्स.

पुढच्या घडामोडी पाहिल्या तर न्यायालयाचा कलही साधारण तसाच दिसतो. ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट दोघीही दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने अंतरिम टप्प्यावर दोघींनाही दंडाचे १ लाख रुपये जमा करायला आणि आपापल्या खरेदीदारांना आदेशाबद्दल कळवायला सांगितलं. परतावा आणि जबाबदारीचा मोठा प्रश्न पुढच्या सुनावणीवर राहिला, पण कळवण्याचं काम थांबलं नाही. ज्या घरात तो कुकर रोज दोन वेळा गॅसवर चढतो, त्या घराच्या दृष्टीने हाच क्रम बरोबर आहे. मध्यस्थाची व्याख्या ठरेपर्यंत वाफ थांबत नाही.

ऑनलाइन धंदा करणाऱ्याने यातून काय उचलावं? सर्वांत आधी, लिस्टिंगच्या दारातच अडसर. गुणवत्ता नियंत्रण आदेश ज्या वस्तूंना लागू आहे त्यांची यादी ब्युरो आणि संबंधित मंत्रालयं जाहीर करतात. ती आता शेकडो वस्तूंपर्यंत गेली आहे. अशा वर्गात विक्रेता माल चढवू लागला की परवाना क्रमांक मागायचा. आयएसआय खुणेखाली सीएम/एल ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर कुणालाही तपासता येतो: परवाना कुणाचा, कोणत्या वस्तूसाठी, चालू आहे की संपला. ‘आयएसआय आहे का? हो / नाही’ असा रकाना ठेवून विक्रेत्याच्या ‘हो’वर विसंबणं म्हणजे काळजी घेतल्याचं नाटक. आणि पेटीएम मॉलच्या प्रकरणाने दाखवलं की ‘नाही’ आलं तरी लिस्टिंग चालूच राहू शकतं, जर ते उत्तर कुणी वाचतच नसेल.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त चुकते. नवा नियम आला की नव्या लिस्टिंगसाठी फॉर्म बदलला जातो, पण आधीपासून चढलेला माल तसाच चालू राहतो. कुकरचा आदेश लागू होण्याच्या वर्षभर आधीच निघाला होता. तो लागू झाला त्या दिवशी जुनी सगळी लिस्टिंग बंद करून, परवाना दाखवणाऱ्यांचीच पुन्हा सुरू केली असती, तर हे प्रकरण उभंच राहिलं नसतं.

तिसरं, काढून टाकलेला माल नाव बदलून परत येतो. एका विक्रेत्याचं खातं बंद केलं की तोच माल दुसऱ्या खात्यावरून वेगळ्या फोटोसह चढतो. ई-कॉमर्स नियमांत पुन्हा पुन्हा असं करणाऱ्या विक्रेत्यांची नोंद ठेवायला सांगितलं आहे, पण गंमत अशी की ती कॉपीराइट, ट्रेडमार्क आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली हटवलेल्या मालापुरतीच. जिवाला धोका असलेला माल त्या यादीत नाही. नियमकर्त्यांना ब्रँडची नक्कल आठवली, फुटणारा कुकर आठवला नाही. पण नियम सांगत नाही म्हणून मंचाने अशी नोंद ठेवू नये असं थोडंच आहे. पुढच्या नोटिशीला उत्तर देताना तीच उपयोगी पडेल.

विक्रेत्याशी करार करताना नुकसानभरपाईचं कलम सगळेच घालतात. ते असावं. पण ते मंच आणि विक्रेता यांच्यातलं आहे, प्राधिकरणापुढे त्याचा उपयोग नाही. ग्राहकाला पैसे आधी द्यायचे आणि मग विक्रेत्याच्या मागे लागायचं. तो छोटा विक्रेता तोवर दुकान गुंडाळून गेलेला असू शकतो, हे गृहीत धरूनच धोक्याच्या वर्गातल्या विक्रेत्यांच्या पैशातला काही भाग रोखून ठेवण्याची सोय करावी.

ग्राहकाच्या बाजूने दोन गोष्टी. मानकाला न उतरलेला कुकर अजून फुटला नाही, कुणी भाजलं नाही, तरी तो कायद्याने ‘सदोष’च आहे, कारण ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(१०) मधल्या दोषाच्या व्याख्येत कोणत्याही कायद्याने ठरवलेल्या मानकातली उणीवही येते. त्यामुळे नीट चालतोय तर तक्रार कसली, हे उत्तर कुणी देऊ नये आणि कुणी ऐकूनही घेऊ नये. दुसरं, प्राधिकरणाचा आदेश निघेपर्यंत थांबायची गरज नाही. मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची, असं ई-कॉमर्स नियमांतला नियम ४ सांगतो; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि जिल्हा आयोगाचा दरवाजा वेगळा उघडा आहेच. तक्रार करताना लिस्टिंगच्या पानाचा फोटो जोडावा. बिल मंच देतो, पण ज्या पानावर खूण असल्याचा किंवा नसल्याचा उल्लेख होता ते पान नंतर बदललेलं असतं किंवा गायब झालेलं असतं.